मृतांच्या वांट्याची जमीन

जमिनीचा भाव वाढूं लागला म्हणजे मनुष्याची दृष्टि प्रथम पडीक जागांकडे वळते. आणि पडीक जागांतही अशा जागांकडे, कीं ज्यांचा धनी तक्रार करण्यास येत नाहीं. स्मशानें, कबरस्तानें आणि समाधिस्थळें हीं अशा जागांतील पहिलीं. जिवंत माणसाला घरासाठीं गुंठाभर जागा मिळत नाहीं, शाळेला मैदान नाहीं, शेतकऱ्याचें खातें दर पिढीला आखडत चाललें आहे. अशा वेळीं मेलेल्यांसाठीं एकरच्या एकर अडवून ठेवणें शहाणपणाचें आहे काय, असा प्रश्न पालिकांच्या सभांतून आणि घराघरांतील गप्पांतून वारंवार निघतो. हा प्रश्न ऐकावयास कठोर वाटला तरी गैरवाजवी नाहीं. महाराष्ट्रांत २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणें सरासरी खातें अवघें १.३४ हेक्टरांचें होतें. इतकी टंचाई असतां जमिनीच्या प्रत्येक तुकड्यानें आपल्या अस्तित्वाचा जाब दिलाच पाहिजे. तेव्हां या प्रश्नाचें उत्तर भावनेच्या भरांत न देतां हिशोबानें द्यावें, हें बरें. आणि हिशोबासाठीं एखादा प्रत्यक्ष मुलूख डोळ्यांपुढें असावा. येथें वऱ्हाडच्या पश्चिम टोंकाचा बुलढाणा जिल्हा घेतला आहे.

या जिल्ह्याचें क्षेत्रफळ ९,६६१ चौरस किलोमीटर, आणि २०११ च्या खानेसुमारींतील लोकसंख्या २५,८६,२५८. अजिंठ्याच्या डोंगररांगेनें त्याचे दोन भाग पडले आहेत. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा हा घाटावरचा भाग. मलकापूर, शेगांव, जळगांव-जामोद हा घाटाखालचा, पूर्णेच्या खोऱ्यांतील काळ्या जमिनीचा. या काळ्या जमिनीच्या कापसासाठीं १८७० सालीं खामगांवला आगगाडीचा खास फांटा आणला गेला. आज त्याच शिवारांत कापसाबरोबर सोयाबीनही उभें असतें. सांगण्याचा हेतु हा, कीं येथें जमिनीची किंमत लोकांना पक्की ठाऊक आहे.

आतां हिशोब पाहूं. जिल्ह्यांतील गांवें चौदाशें धरलीं, आणि प्रत्येक गांवानें मृतांसाठीं सढळ हातानें दोन एकर जागा राखली असें मानलें, तर एकूण २,८०० एकर होतात. जिल्ह्याचें क्षेत्र एकरांत मोजलें तर तें सुमारें २३ लाख ८७ हजार भरतें. म्हणजे हजार एकरांमागें सव्वा एकराहूनही कमी जमीन मृतांच्या वांट्याला येते. तुलनेसाठीं दुसरी एक गोष्ट लक्षांत घ्यावी. नागपूर-मुंबई समृद्धि महामार्ग याच जिल्ह्यांतून ऐंशी किलोमीटरांहून अधिक लांब जातो, आणि त्याची आंखलेली रुंदी १२० मीटर आहे. केवळ या एका रस्त्याखालीं साडेनऊशें हेक्टरांहून अधिक, म्हणजे सुमारें चोवीसशें एकर जमीन गेली. प्रवासाची घाई असलेल्या जिवंतांनीं एका रस्त्यासाठीं जेवढी जमीन घेतली, जवळजवळ तेवढीच सर्व गांवच्या सर्व पिढ्यांच्या मृतांना पुरते.

यावर विरोधक म्हणतील, कीं हा हिशोब फसवा आहे. कारण स्मशान कोठेंतरी माळावर नसून गांवठाणाला लागून, नदीकांठीं किंवा हमरस्त्यालगत असतें, आणि त्या जागेचा एक एकर दूरच्या दहा एकरांच्या मोलाचा असतो. हा आक्षेप खरा आहे. गांवें व शहरें वाढलीं तशीं एके काळीं वेशीबाहेर असलेलीं स्मशानें वस्तीच्या मध्यें आलीं. म्हणून जमीन किती लागते, याबरोबरच ती किती काळ अडून राहते, हाही प्रश्न विचारला पाहिजे. त्यासाठीं मृतदेहाची व्यवस्था कोणत्या पद्धतीनें होते हें पाहावें लागतें.

दहनाला जागा थोडी लागते, कारण तोच चौथरा पिढ्यानपिढ्या कामास येतो. दफनाची गोष्ट निराळी. आणि दफन हें केवळ मुसलमान व ख्रिस्ती समाजांचें आहे, अशी शहरांतील सुशिक्षितांची समजूत असते, ती बरोबर नाहीं. लिंगायतांत मृताला बसवून समाधि देतात. वऱ्हाडांत ज्यांची वस्ती जुनी आहे त्या महानुभावांत भूमिनिक्षेपाची परंपरा आहे. गोसावी व संन्यासी यांना समाधि दिली जाते. आणि ज्या हिंदु कुटुंबांत थोरांचें दहन होतें, त्यांतही दांत न आलेल्या तान्ह्या मुलाला मातींतच ठेवतात. ज्या गांवांत दफनाला जागाच ठेवलेली नाहीं, तेथें ही अडचण कोणा एका जातीची किंवा धर्माची राहत नाहीं.

दफनाला किती जमीन लागेल? जिल्ह्याची लोकसंख्या आणि हजारीं सहाच्या आसपासचें मृत्युमान धरलें, तर वर्षाकाठीं सुमारें पंधरा हजार मृत्यु होतात. त्यांपैकीं तीन हजार दफनें मानूं. एका कबरीला तीन चौरस मीटर, आणि वाटा, कुंपण व झाडें यांसाठीं तितकीच अधिक जागा दिली, तर साऱ्या जिल्ह्याला वर्षाला साडेचार एकर लागतात. प्रत्येक कबर कायमची राखावयाची म्हटली, तर शंभर वर्षांत साडेचारशें एकर होतील, आणि पुढें वाढतच जातील. परंतु पंचवीस वर्षांनंतर तीच जागा पुन्हां वापरावयाची ठरली, तर सुमारें एकशें बारा एकरांत सर्व काळची सोय होते. सगळा प्रश्न या एका नियमावर येऊन ठेपतो.

हा नियम कोणी परकी कल्पना समजूं नये. गोव्यांतील चर्चच्या स्मशानांत कांहीं वर्षांनीं अस्थि काढून त्या भिंतींतील कोनाड्यांत ठेवण्याची आणि कबरीची जागा दुसऱ्यास देण्याची चाल आहे. मुंबईच्या मुसलमान कबरस्तानांत, पक्कें बांधकाम न केलेल्या जागा कांहीं काळानें पुन्हां वापरण्याची वहिवाट आहे. जर्मनींत कबरीची जागा ठराविक मुदतीसाठीं दिली जाते. सिंगापूर या बेटवजा राज्यानें तर १९९८ पासून दफनाची मुदत पंधरा वर्षें ठरवून टाकली. एक गोष्ट मात्र ध्यानांत ठेवावयास हवी. घाटाखालची काळी माती पावसाळ्यांत फुगते आणि उन्हाळ्यांत भेगाळते. तिच्यांत पाणी सांचून राहतें, हवा खेळत नाहीं, आणि देह मातींत मिसळण्यास उशीर लागतो. त्यामुळें मुदत ठरवितांना मातीचा विचार झाला पाहिजे. आणि अशी जागा विहिरीपासून दूर, शक्य तों मुरमाड उंचवट्यावर निवडली पाहिजे.

कोणी म्हणेल, कीं मग सर्वांनींच दहन करावें, म्हणजे जमिनीचा प्रश्नच मिटेल. परंतु दहनही जमीन खातें. फक्त तें स्मशानांत दिसत नाहीं, रानांत दिसतें. एका चितेला तीन क्विंटल लाकूड धरलें, आणि वर्षाला बारा हजार दहनें मानलीं, तर छत्तीस हजार क्विंटल लाकूड लागतें. तें ज्या झाडांपासून येतें, तीं झाडें कोठल्यातरी जमिनीवरच उभीं असतात. नागपुरांत शेतांतील काडीकचरा दाबून केलेल्या, 'मोक्षकाष्ठ' नांवाच्या ठोकळ्यांचा दहनासाठीं उपयोग सुरू झाला आहे. जेथें सोयाबीन, तूर आणि पऱ्हाटी यांचा काडीकचरा शिवारांत जाळला जातो, त्या बुलढाण्याला हा धडा घेण्यासारखा आहे.

मृतांना जागा देण्यांत जशी कुचराई होऊं शकते, तसा अतिरेकही होतो, याचे दाखले युरोपांत आहेत. पॅरिस शहराच्या मध्यावर 'इनोसंट्स'चें स्मशान होतें. शतकानुशतकें एकावर एक पुरलेल्या प्रेतांनीं तें इतकें भरलें, कीं १७८० सालीं त्याच्या लगतच्या घराची तळघराची भिंत फुटली, आणि त्याच वर्षीं तें बंद झालें. पुढें १७८६ पासून तेथील अस्थि शहराखालच्या जुन्या खाणींत हलविण्यांत आल्या. १८०४ सालीं गांवाबाहेर पेर लाशेझ हें नवें स्मशान उघडलें. आज पॅरिस त्याच्या चहूंकडे वाढलें आहे, आणि तीं ४४ हेक्टर जमीन दाट वस्तींतील मोठी वृक्षराजी बनली आहे. लंडननेंही शहरांतील स्मशानें भरल्यावर १८५४ सालीं ब्रुकवुड येथें दूर अंतरावर स्मशान काढलें, व प्रेतें नेण्यासाठीं स्वतंत्र आगगाडी ठेवली. ती १९४१ पर्यंत चालली. या दोन्ही शहरांना हें शहाणपण रोगराई व दुर्गंधि सोसल्यानंतर आलें. पुरेशी जागा वेळीं राखली असती, तर तो खर्च आणि ती विटंबना टळली असती.

येथवर झाला तो खर्चाचा हिशोब. आतां जमेची बाजू पाहूं. ती पाहण्यास सिंदखेडराजापेक्षां चांगलें ठिकाण नाहीं. १६२९ सालीं दौलताबादेस निजामशाही दरबारांत लखुजी जाधवराव, त्यांचे पुत्र अचलोजी व रघोजी आणि नातू यशवंतराव यांचा घात झाला. जिजाबाईंच्या या पित्याची भव्य छत्री सिंदखेडराजा येथें उभी आहे. २०२४ सालीं भारतीय पुरातत्त्व खात्याची मंडळी तिच्या जतनाचें काम करीत असतां लगतच्या मातींत कांहीं जुने दगड दिसले. तेथें उत्खनन केल्यावर प्रथम एका जुन्या मंदिराचे अवशेष लागले, आणि पुढें सुमारें सव्वा दोन मीटर खोलीवर शेषशायी विष्णूची मूर्ति निघाली. ती १.७० मीटर लांब व एक मीटर उंच असून, विष्णूच्या पायांशीं लक्ष्मी बसलेली आहे आणि समुद्रमंथनाचा देखावाही कोरलेला आहे. समाधीची जागा म्हणून ती भूमि मोकळी राखली गेली. नाहींतर तिच्यावर केव्हांच घरें व दुकानें उठलीं असतीं. एका घराण्याच्या मृतांसाठीं राखलेल्या जागेनें त्याहून कित्येक शतकें जुना ठेवा सांभाळला.

याच तालुक्यांतील साखरखेर्डा पाहावें. १७२४ च्या ऑक्टोबर महिन्यांत येथें निजाम-उल्-मुल्क आणि मुबारिझखान यांची लढाई झाली. मुबारिझखान पडला, आणि दक्षिणेंत निजामाच्या स्वतंत्र सत्तेचा पाया घातला गेला. एवढ्या मोठ्या घटनेची रणभूमि आज पिकांखालीं आहे. इतिहासाचें पुस्तक हातीं नसेल, तर त्या शिवारांतून जाणाऱ्याला येथें कांहीं घडलें होतें हें कळावयाचें नाहीं. याचा अर्थ प्रत्येक रणभूमि पडीक ठेवावी असा नव्हे. शेतकऱ्यानें ती नांगरली यांत त्याचा दोष नाहीं. परंतु राखलेली जागा काय सांभाळते आणि न राखलेली जागा काय गमावते, हें एकाच तालुक्यांतील या दोन ठिकाणांवरून दिसून येतें.

शेगांवची गोष्ट सर्वांना परिचित आहे. ८ सप्टेंबर १९१० रोजीं गजानन महाराजांनीं तेथें समाधि घेतली. त्या समाधीभोंवतीं मंदिर झालें, संस्थान वाढलें, आणि आज शेगांवच्या व्यापाराचा, धर्मशाळांचा व रोजगाराचा मोठा भाग त्या एका स्थळावर उभा आहे. तसेंच पिंपळगांव सराईजवळच्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर होळीच्या सुमारास जी यात्रा भरते, तींत निरनिराळ्या धर्मांचे लोक येतात. अर्थशास्त्राच्या काट्यावर तोलूनही अशा जागा निष्फळ ठरत नाहींत.

परंतु सर्वच मृत संत किंवा सरदार नसतात. साध्या माणसांच्या साध्या स्मशानाचा उपयोग काय? एक उपयोग असा आहे, कीं तो सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. अमेरिकेच्या इलिनॉय, आयोवा या प्रांतांत पूर्वीं मैलोन्‌मैल गवताळ कुरणें होतीं. तेथील काळी माती सुपीक निघाली, आणि ती जवळजवळ सगळी नांगराखालीं गेली. आज त्या मूळच्या गवतांचे व रानफुलांचे जे थोडे अवशेष उरले आहेत, त्यांतील कांहीं पहिल्या वसाहतवाल्यांच्या लहानलहान स्मशानांत आहेत. कारण तेथें नांगर कधींच गेला नाहीं. इलिनॉयमधील वेस्टन स्मशानाची पांच एकर जागा अशीच प्रसिद्ध आहे. पूर्णाखोऱ्याची काळी मातीही अशीच बांधापर्यंत नांगरली गेली आहे. तेथल्या एखाद्या जुन्या कबरस्तानाच्या किंवा स्मशानाच्या कोंपऱ्यांत कडुनिंब, बोर, हिवर आणि देशी गवतें टिकून असलीं, तर तीं केवळ रान वाढलें म्हणून उपटूं नयेत.

दुसरा उपयोग संकटाच्या दिवशीं कळतो. १ जुलै २०२३ च्या पहाटे याच जिल्ह्यांत, सिंदखेडराजाजवळ समृद्धि महामार्गावर, नागपूरहून पुण्याकडे जाणारी एक खाजगी बस उलटून पेटली, आणि २५ माणसें मृत्यु पावलीं. देह इतके जळले होते, कीं ओळख पटणें कठीण झालें. दुसऱ्या दिवशीं बुलढाणा शहरांत नातेवाईकांच्या उपस्थितींत चोवीस जणांवर एकत्र दहनसंस्कार झाले. एका मुस्लिम मुलीचा देह दफन करण्यांत आला. परगांवच्या त्या कुटुंबांचा बुलढाण्याशीं कांहींही संबंध नव्हता. तरी त्या दिवशीं त्यांच्या मृतांना या शहरानें जागा दिली, कारण ती जागा राखलेली होती. ती त्या दिवशीं शोधून निर्माण करतां आली नसती.

आतां सर्वांत नाजूक मुद्दा. कायद्यानें मृतांच्या जागेची सोय केलेली आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिच्या कलम २२ प्रमाणें सरकारी जमीन चराई, गांवठाण, बाजार यांच्याबरोबर दहन-दफनासाठींही राखून ठेवतां येते. वऱ्हाडांत जिला लोक 'ई क्लास' म्हणतात, ती सरकारी जमीन बहुधा या कामीं येते. परंतु कागदावर राखलेली जागा प्रत्यक्षांत राहतेच असें नाहीं. शेजारचा शेतकरी दर हंगामांत एक तास आंत सरकतो, कोणी उकिरडा घालतो, कोणी टपरी टाकतो. सर्वोच्च न्यायालयानें २८ जानेवारी २०११ रोजीं जगपालसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यांत, गांवच्या सामाइक जमिनीवरील अतिक्रमणें काढून त्या पुन्हां गांवाच्या स्वाधीन करण्याचा दंडक घालून दिला, तो अशाच अनुभवामुळें.

याहूनही वाईट गोष्ट म्हणजे जागा असून ती सर्वांना खुली नसणें. जातीजातींचीं निरनिराळीं स्मशानें हा आपल्या खेड्यांचा जुना कलंक आहे. चांगली, रस्त्यालगतची, शेड असलेली जागा एकांची. आणि ओढ्यापलीकडची, पावसाळ्यांत कंबरभर पाण्यांतून तिरडी न्यावी लागते अशी जागा दुसऱ्यांची. वाट कोणाच्या शेतांतून जाते म्हणून प्रेत अडविण्याचे प्रकारही महाराष्ट्रांत घडले आहेत. अनुसूचित जाति-जमातींवरील अत्याचार रोखण्याच्या १९८९ च्या कायद्यांत २०१५ सालीं जी दुरुस्ती झाली, आणि जी २६ जानेवारी २०१६ पासून अंमलांत आली, तिनें या समाजांतील कोणासही इतरांच्या बरोबरीनें स्मशानाचा किंवा दफनभूमीचा उपयोग करण्यास अडथळा करणें हा स्पष्ट गुन्हा ठरविला. ज्या समाजांत असें कलम लिहावें लागतें, तेथें स्मशानासाठीं जमीन राखणें हा चैनीचा प्रश्न नव्हे, हें निराळें सांगावयास नको. श्रीमंताला आपल्या शेताच्या कोंपऱ्यांत समाधि बांधतां येते. भूमिहीनाला मात्र शेवटचा आधार सामाइक जमिनीचाच असतो. ती सामाइक जमीन 'निरुपयोगी' म्हणून काढून घेतली, तर नुकसान कोणाचें होणार, हें उघड आहे.

तेव्हां मृतांना जमीन द्यावी काय, या प्रश्नाचें उत्तर 'होय, परंतु मापानें आणि नियमानें' असें द्यावें लागतें. प्रत्येक गांवानें आपल्या स्मशानाची व कबरस्तानाची मोजणी करून हद्दीचे दगड रोवावेत. पावसाळ्यांतही जातां येईल अशी वाट, वर छप्पर आणि जवळ पाणी असावें. दफनाच्या जागेंत पक्कीं बांधकामें वाढूं न देतां, त्या त्या समाजाच्या संमतीनें पुनर्वापराची मुदत ठरवावी. कोण कोठें व केव्हां ठेवला याची वही नीट राखावी, म्हणजे मुदत संपली तरी नांव बुडत नाहीं. कडेनें देशी झाडें लावावींत, आणि वाट व जागा कोणाचीही जात न विचारतां खुली असावी. हीं कामें गांवच्या आवांक्याबाहेरचीं नाहींत.

हजारांत सव्वा एकर हें एवढ्या सोयीचें मोल आहे. ज्या घरांत हें भाषण ऐकलें जात असेल, त्यांतील बहुतेकांचें कोठेंतरी एक मूळ गांव असेल. पुढच्या वेळीं तेथें जाणें झालें, म्हणजे ग्रामपंचायतींत एवढेंच विचारावें, कीं गांवच्या स्मशानाची हद्द नकाशावर कोठें आहे, आणि आज प्रत्यक्षांत कोठें आहे. त्या दोन रेघांमधील अंतर पाहिलें, म्हणजे या प्रश्नावर गांवानें आजवर काय उत्तर दिलें आहे, तें ज्याचें त्याला कळून येईल.